आमची त्रिस्थळी यात्रा

पन्नाशी गाठलेल्या गृहस्थाने काय करावे ह्याविषयी पूर्वी आपल्याकडे फारसा मतभेद नसे. मुलीचे लग्न उरकावे, मुलाच्या नोकरीची चिंता वाहावी, सकाळी देवपूजा आणि संध्याकाळी पारावरची सभा सांभाळावी, आणि ऐपत असल्यास काशी, प्रयाग व गया ही त्रिस्थळी यात्रा करून यावे, म्हणजे जन्माचे सार्थक झाले, असा सर्वसाधारण समज होता. यात्रेहून परतलेला मनुष्य गावास मावंदे घाली, आणि त्यानंतर त्याच्याकडून कोणी कसल्याही पराक्रमाची अपेक्षा करीत नसे. आम्हांस पन्नासावे वर्ष लागले तेव्हा आम्हांसही त्रिस्थळीचाच योग आला. परंतु काळ बदलला असल्यामुळे आमच्या वाट्यास आलेली तीन स्थळे निराळी निघाली. पहिले पाणी, दुसरे सायकलीची सीट, आणि तिसरे मोकळी सडक. ही तिन्ही एकाच सकाळी, एकापाठोपाठ एक, मध्ये अंग न टेकता करावयाची असतात, आणि ह्या आधुनिक यात्रेस ट्रायथलॉन असे नाव आहे.

हा खेळ पुरातन आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी, मिशन बे नावाच्या खाडीच्या काठी, २५ सप्टेंबर १९७४ रोजी तो ह्या नावाने प्रथम खेळला गेला, आणि त्या दिवशी त्यात ४६ माणसे उतरली होती. तेव्हाचा क्रम आधी धावणे, मग सायकल आणि शेवटी पोहणे असा होता. पुढे तो उलटा करण्यात आला. हातपाय गळालेल्या मनुष्यास अखेरीस पाण्यात लोटू नये, एवढा शहाणपणा त्या बदलात आहे हे कोणासही पटेल. त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ साली, हवाई बेटांत राहणाऱ्या कॉलिन्स नावाच्या नौदलातील अधिकाऱ्याने, पोहणारा बळकट, धावणारा बळकट की सायकलवाला बळकट, ह्या वादाचा निकाल लावण्याकरिता तेथील तीन स्वतंत्र शर्यती एकत्र बांधल्या. सुमारे ३.८ किलोमीटर पोहावयाचे, १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि त्यावर ४२ किलोमीटर धावावयाचे. १५ जण निघाले, १२ जण पोहोचले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ह्या खेळास मानाचे पान मिळाले, तेव्हा मात्र अंतरे बेताची ठेवण्यात आली. १.५ किलोमीटर पाण्यात, ४० सायकलीवर आणि १० पायांवर, हे ऑलिंपिकचे माप तेव्हापासून प्रसिद्ध आहे.

आपली मराठी माणसेही ह्या वाटेस गेलेली आहेत. मिलिंद सोमण ह्यांनी २०१५ साली स्वित्झर्लंडातील झ्युरिक येथे वयाच्या ४९ व्या वर्षी हवाईच्या मापाची संपूर्ण शर्यत पुरी केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर ह्यांनी तर असा प्रवास वीसहून अधिक वेळा केला असून ते इतरांसही शिकवितात. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ह्याच्या निम्म्या मापाची शर्यत भरली. ही उदाहरणे वाचून आम्हांस मोठा उत्साह वाटला आणि पुढच्याच क्षणी तो मावळला. कारण सोमण काय किंवा राडकर काय, दोघेही लहानपणापासून पोहणारे. पाणी हे त्यांचे माहेर आणि सायकल व सडक हे सासर. आमची गोष्ट नेमकी उलटी होती. चालण्याधावण्याची आम्हांस भीती नव्हती, सायकल तर शाळेत जाताना आम्ही वर्षानुवर्षे चालविली होती. पण पाण्यात आम्ही जन्मात कधी गुडघ्यांच्या वर उतरलो नव्हतो. आणि हा आमच्या आळसाचा किंवा भित्रेपणाचा प्रश्न नव्हता. आमच्या घराण्याचा तो कायदा होता.

हा कायदा समजण्यासाठी वाचकांनी आमच्या कोरीटास यावयास हवे. नंदुरबार तालुक्यातील हे एक शेतकऱ्यांचे गाव. तालुक्याच्या उत्तरेस तापी वाहते आणि तिच्या पलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या कितीतरी वर जातो, तेव्हा मळ्यातील विहीर हेच मुलांचे महाबळेश्वर. अशा मुलखात शेतकऱ्याचा मुलगा असून पोहता येत नाही असे सांगणे म्हणजे नाशिकास राहून गोदावरी पाहिली नाही असे सांगण्यासारखे आहे. आमच्या बरोबरीची मुले पाठीला सुकलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या घेत, आठ दिवसांत डबा सुटे, आणि त्यांना पोहणे आले हे त्यांच्या आईबापांस कळतही नसे. आम्ही मात्र थारोळ्यापाशी उभे राहून त्यांचे कपडे सांभाळीत असू.

ह्याचे कारण असे. १९६८ च्या ऑगस्टात तापीस जो महापूर आला, ज्याने खाली सुरत शहर बुडविले, त्या पुरात आमचे धाकटे काका गेले. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते आणि पंचक्रोशीत त्यांच्यासारखा पोहणारा नव्हता असे सांगतात. पुरात वाहून येणारी लाकडे काढण्याचा धाडसी उद्योग नदीकाठचे तरुण त्या काळी करीत असत. काकांनी दोन ओंडके काठास लावले आणि तिसऱ्याकरिता ते पुन्हा आत गेले. त्यानंतर आमच्या आजीने घरात एक वाक्य उच्चारले आणि ते पुढे पिढ्यांपर्यंत टिकले: ‘त्याला पोहता येत होते म्हणून तो गेला.’ ह्या वाक्यावर घरात कधीही वाद झाला नाही. ज्याला पोहता येत नाही तो पाण्याजवळ जाणार नाही, आणि जो पाण्याजवळ जाणार नाही तो बुडणार नाही, असे त्यातील साधे गणित होते. दक्षिणकाशी म्हणविणाऱ्या प्रकाशाच्या घाटावर पर्वणीस गेलो तरी आम्हां मुलांना पायरीवर बसवून डोक्यावर तांब्या ओतला जाई, आणि तेवढ्याने आमचे पाप धुतले गेल्याचे जाहीर होई. आजी १९९४ साली निवर्तली. कायदा मागे राहिला.

अशा मनुष्यास ह्या उचापतीत पडण्याची बुद्धी का व्हावी, असे कोणी विचारील. आरंभ वैद्यकीय होता. रक्तातील साखर वाढू लागली आहे, चालावयास लागा, असे डॉक्टरांनी सांगितले. चालता चालता थोडे पळून पाहिले. पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याने ते ऐकले, आणि ‘काका, नुसते पळून काय करता?’ असे म्हणून ह्या शर्यतीचे एक लहान माप आम्हांस लिहून पाठविले: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. कागदावर हे आकडे इतके निरुपद्रवी दिसत होते की आम्ही होकार दिला. आकड्यांत पाण्याची खोली लिहिलेली नसते.

तीन स्थळांपैकी तिसरे आम्ही प्रथम हाती घेतले, कारण ते दाराशीच होते. नवशिक्याचा पहिला रोग असा की तो फार जोरात धावतो. त्यावर जाणकारांनी सांगितलेला उपाय फार सोपा आहे. धावताना शेजाऱ्याशी अखंड वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. आमच्या शेजारी धावणारे कोणी नसल्यामुळे आम्ही पाढे म्हणत धावू लागलो, आणि एकोणतिसाच्या पाढ्यास दम लागतो तो धावण्यामुळे की पाढ्यामुळे हे ठरविणे कठीण झाले. पहाटे कापसाच्या वेचणीस निघालेल्या बाया थांबून विचारीत, ‘मास्तर, कोणी मागे लागले का?’ श्रमाचा दिवस ज्यांच्यापुढे उभा आहे त्यांना हे बिनकामाचे श्रम कसे दिसत असतील ह्या विचाराने आम्हांस पहिले काही दिवस खरोखर संकोच वाटे. पुढे त्यांनी आमचा समावेश पहाटेच्या नित्य गोष्टींत केला आणि चौकशी बंद झाली. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजूस गेले की मिरचीच्या पथाऱ्या लागतात. लाल मिरचीचे एकरच्या एकर गालिचे उन्हात पसरलेले असतात. दुरून ते दृश्य चित्रासारखे. पण तोंड उघडे टाकून धावणाऱ्याने वाऱ्याची दिशा पाहूनच त्या वाटेस जावे. एकदा लागलेला ठसका आम्हांस घरापर्यंत पुरला.

सायकल आमची वडिलांच्या वेळची, काळी, बिनगिअरची आणि वजनदार. पुतण्याने नवी घ्यावयास सुचविले होते. परंतु ब्रेक धड असतील आणि डोक्यास हेल्मेट असेल तर लहान शर्यतीत साधी सायकलही चालते, हे कळल्यावर आम्ही तिच्यावरच निष्ठा ठेवली. ह्या वाहनाने आम्हांस पदार्थविज्ञानाचा एक धडा दिला. वेग वाढेल तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आम्ही शाळेत मुलांना फळ्यावर शिकवीत आलो आहो. पण ऊसाच्या ट्रॅक्टरमागून, समोरच्या वाऱ्यात, ताशी पंधराचे अठरा करावयास निघालो तेव्हा ते सूत्र मांड्यांना समजले. त्या दिवसापासून फळ्यावर आम्ही ते अधिक आदराने लिहितो.

ह्याच दोन स्थळांमध्ये एक चोरवाट आहे, तिची कल्पना अनुभवावाचून येत नाही. सायकलीवरून उतरून लगेच धावू लागले की पाय आपले राहत नाहीत. इतका वेळ शरीराचा भार सीटने घेतलेला असतो आणि पाय नुसते गोल फिरत असतात. तो भार एकाएकी पायांवर पडला की ते लाकडी होतात आणि पहिला किलोमीटर दुसऱ्याच्या उसन्या पायांनी धावल्यासारखा जातो. ह्याकरिता दोन्ही व्यायाम मुद्दाम एकास एक जोडून करावे लागतात. इंग्रजीत ह्या जोडव्यायामास वीट म्हणतात आणि ते नाव पायांच्या स्थितीस अगदी योग्य आहे. शर्यतीत ह्या बदलासही घड्याळ चालूच असते. एक नियम तर असा की हेल्मेटचा पट्टा बांधल्यावाचून सायकलीस हात लावता येत नाही. आमच्या गृहिणीने हा नियम ऐकून, मंगल कार्यात मुंडावळ्यांवाचून वरास बोहल्यावर चढू देत नाहीत त्यातलाच हा प्रकार, असा अभिप्राय दिला.

राहता राहिले पाणी. ते आम्ही जितके लांबविता येईल तितके लांबविले. शेवटी भाद्रपदात, विहिरी भरल्या तेव्हा, मातोश्रींपुढे विषय काढणे प्राप्त झाले. मातोश्रींचे वय चौऱ्याहत्तर. काका गेले तेव्हा त्या ह्या घरात नव्या सून होत्या. त्या रागावतील, रडतील, आजीचे वाक्य आठवून देतील, अशी आमची अपेक्षा होती आणि त्या प्रत्येकाचे उत्तर आम्ही तयार ठेवले होते. त्यांनी ह्यातले काहीच केले नाही. शेंगा सोलीत त्या बराच वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘बापू, दोन गोष्टी सांगते. एकटा उतरायचे नाही. आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचे नाही. दोर मी बघून देईन.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच नवा दोर आणविला, हात हात ओढून पाहिला, आणि त्याची गाठ स्वतः घालून दाखविली.

आमचे जलगुरू म्हणजे मळ्यातील सालदाराचा बारा वर्षांचा मुलगा. हा आमच्याच शाळेत आहे आणि अपूर्णांकांशी त्याचे वैर आहे. आता दोराचे दुसरे टोक त्याच्या बापाच्या हातात आणि शिकविण्याची काठी त्याच्या हातात आली. पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन बांधून आम्ही विहिरीच्या पायऱ्या उतरलो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते आणि छातीत हवा भरलेला मनुष्य सहसा तरंगतो, हे ज्ञान आम्हांस होते. त्याचा त्या घटकेस काडीचाही उपयोग झाला नाही. आमचे सगळे शरीर मुठीसारखे मिटले होते. गुरुजी काठावर बसून एकच मंत्र पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘सर, दम सोडा ना! पाण्यात दम सोडा!’

ह्या मंत्रात पोहण्याचे निम्मे शास्त्र आहे हे आम्हांस फार उशिरा कळले. नवखा मनुष्य पाण्यात शिरताना श्वास कोंडून धरतो. श्वास कोंडला की रक्तातील कर्बवायू वाढतो; आणि जी घुसमट होते ती मुख्यतः ह्या साचलेल्या वायूची असते, प्राणवायू संपण्याला अजून अवकाश असतो. घुसमटलेला मनुष्य डोके वर काढतो. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले की तो हातांनी पाणी बडवितो. आणि पाणी बडविणाऱ्यास आणखी श्वास लागतो. हे चक्र तोडावयाचे तर तोंड पाण्यात ठेवून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडावे लागतात. सांगावयास हे एक वाक्य आहे. शिकावयास आम्हांस तीन आठवडे लागले. अपूर्णांकांच्या तासाला त्या मुलावर आपण किती लवकर चिडतो, ह्याचा आम्ही त्या तीन आठवड्यांत पुष्कळ विचार केला. तो आमच्यावर एकदाही चिडला नाही.

कॅन सुटला, दोर मात्र राहिला, आणि आम्ही काठाकाठाने गोल फिरू लागलो. आमच्या विहिरीचा व्यास पंचवीस फूट. काठापासून थोडे आत राहून एक फेरी केली की सुमारे वीस मीटर होतात, म्हणजे ७५० मीटरांस सदतीस फेऱ्या भरतात. पहिल्या महिन्याच्या अखेरीस आमच्या दोन फेऱ्या होत होत्या, दिवाळीच्या सुमारास सहा. पुढे गाडे अडले. पाय खाली ओढल्यासारखे होत, मान दुखे, आणि सातव्या फेरीस दोर धरून आम्ही लोंबकळत असू.

कार्तिकातील एका रविवारी मातोश्री मळ्यात आल्या. येणार म्हणून त्यांनी कोणास सांगितले नव्हते. पायऱ्यांच्या वरच्या टोकास त्या येऊन बसल्या हे आम्हांस पाण्यातून दिसले नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला. ‘गुडघे कशाला मोडतोस? पाय मांडीपासून हलव. पावले सैल सोड.’ आम्ही कड धरून वर पाहिले. त्या पुढे म्हणाल्या, ‘आणि मान वर काढून आभाळात काय बघतोस? मान ताठ धरतोस म्हणून पाय बुडतात. डोके पाण्यावर ठेव, उशीवर ठेवल्यासारखे.’ सालदार दोर धरून स्तब्ध उभा होता. त्याचा मुलगा मात्र आपल्या शिक्षणपद्धतीस पाठिंबा मिळाला ह्या आनंदात होता. आम्ही सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. कंबर वर आली, पाय हलके झाले, आणि त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या.

पाण्यातून बाहेर येऊन आम्ही त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारले, ‘माय, तुला पोहता येते?’

त्यांचे माहेर प्रकाशाचे, हे आम्हांस ठाऊक होते. पण माहेर नदीकाठी असणे आणि मुलीस पोहता येणे ह्यांचा संबंध पन्नास वर्षांत आम्ही कधी लावला नव्हता. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. आळीतल्या सगळ्या मुली आईबरोबर धुणे घेऊन नदीवर जात, आणि धुणे वाळेपर्यंत पोहत. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे ह्या काठाहून त्या काठास जाऊन येत. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणास माहेरी गेल्या तेव्हा त्या शेवटच्या पोहल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात काका गेले.

‘मग भीती बसली?’ आम्ही विचारले.

‘पाण्याची भीती मला कधीच वाटली नाही,’ मातोश्री म्हणाल्या. ‘पण सासूबाईंचा पोर गेलेला. त्या माणसाच्या डोळ्यांसमोर मी पोहून ओल्या लुगड्याने घरी यायचे होते का?’

आम्हांस एकाएकी काही सुचले नाही. काही वेळाने आम्ही विचारले, ‘आजी गेल्यावर तरी?’ त्यांनी खाली पाण्याकडे पाहिले. ‘तोपर्यंत तूच वीस वर्षांचा झाला होतास. आणि एवढ्या वर्षांची न केलेली गोष्ट पुन्हा करायला निमित्त लागते.’ एवढे बोलून त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या, लुगडे सावरून पायरीवर बसल्या आणि त्यांनी घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडले. ह्याहून अधिक काही झाले नाही, आणि व्हावे असा आग्रह आम्हीही धरला नाही.

त्या दिवसापासून आजीच्या त्या वाक्याचा आम्ही वेगळ्या रीतीने विचार करू लागलो. ते मूर्खपणाचे होते असे म्हणण्याचा धीर आम्हांस आजही होत नाही. फुगलेली नदी पोहणाऱ्यास आणि न पोहणाऱ्यास सारख्याच सहजतेने नेते, किंबहुना पोहणारा तिच्या तावडीत आपण होऊन जातो, हे खरेच आहे. पण शांत पाण्यात पोहता येणे ही एक गोष्ट, आणि पुरात लाकडासाठी उतरणे ही दुसरी. पुत्रशोकाने त्या दोहोंची एकच गाठ मारली, आणि ती सोडविण्याचे कोणाच्या मनात आले नाही. घरातील मुलांना ह्याची किंमत द्यावी लागली ती आम्हांस ठाऊक होती, कारण ती आम्हीच दिली होती. एका सोळा-सतरा वर्षांच्या सुनेने त्याहून मोठी किंमत मुकाट्याने दिली, हे आमच्या घरात कोणासही ठाऊक नव्हते. तिने काही सोडले आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. मग ते परत देण्याचा प्रश्न कोठून उद्भवणार? आपल्या घराघरांत अशा किती विद्या माहेरच्या काठावर ठेवून आलेल्या असतील, ह्याचा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करून पाहावा.

आणि मातोश्रींच्या त्या दोन अटी! आम्ही त्यांना भीतीच्या अटी समजत होतो. आता वाटते, पाणी जाणणाऱ्या मनुष्याच्या त्या अटी होत्या. शर्यतीचे नियम आम्ही पुढे वाचले, तेव्हा त्यांत तेच निघाले. पाण्यात कोणीही एकटा नसतो. रक्षकांच्या होड्या बरोबर असतात. दमलेल्याने हात वर करावा, होडीस धरून विसावा घ्यावा, मात्र तिच्या आधाराने पुढे सरकू नये. दोर ज्या कामासाठी होता तेच काम होडी करते. भीती घालवून पाण्यात उतरावे असे पुष्कळ लोक सांगतात. आमचा अनुभव असा की तिला घालवू नये; तिच्या हातात दोराचे एक टोक द्यावे आणि काठावर उभे करावे. मग ती ओरडत नाही, लक्ष ठेवते.

मिलिंद सोमण ह्यांच्या मातोश्री उषाताई २०१६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, साडी नेसून अनवाणी पायांनी मुलाबरोबर रस्त्याने धावल्या होत्या. ही हकीकत आम्ही आमच्या मातोश्रींना वाचून दाखविली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि ‘तिला रस्ता आवडत असेल,’ एवढेच उत्तर दिले. स्वतः त्या दर रविवारी विहिरीवर येऊ लागल्या. येताना ओट्यात मोजून सदतीस शेंगा आणीत. आमची एक फेरी झाली की एक शेंग फोडावयाची, असा त्यांचा हिशेब. पहिल्या रविवारी अकरा शेंगांची टरफले पडली आणि बाकीच्या त्यांनी गुरुजींच्या ओंजळीत टाकल्या. पौषात पंचवीस झाल्या. माघातल्या एका सकाळी ओटा रिकामा झाला, आणि आमच्या गुरूला त्या दिवशी एकही शेंग मिळाली नाही. तरी आरडाओरडा सर्वांत अधिक त्यानेच केला. सदतिसातून अकरा गेल्या तर उरलेला भाग किती, हे तो आता बिनचूक सांगतो. शाळेत शिकविलेले जे डोक्यात शिरले नव्हते ते शेंगांच्या रूपाने शिरले.

शर्यत पुढील महिन्यात एका तलावावर आहे. आमचा नंबर शेवटून पहिला किंवा दुसरा येईल असा पुतण्याचा अंदाज आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. काळी सायकल तेलपाणी करून ठेवली आहे, हेल्मेटचा पट्टा डोळे मिटून बांधता येतो, आणि बुडबुडे सोडण्याचा सराव तर आम्ही अंघोळीच्या बादलीतही करतो. गोल फिरण्याची सवय झाल्यामुळे सरळ रेषेत पोहता येईल की नाही, एवढी एक शंका उरली आहे. मातोश्री बरोबर येणार आहेत. तेथे इतके दूर बसून काही दिसणार नाही, उन्हाचा त्रास होईल, असे आम्ही त्यांना सांगून पाहिले. पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळीच तलावावर पोहोचावयाचे, असे त्यांनी ठरविले आहे. पाणी कसे आहे ते त्यांना स्वतः पाहावयाचे आहे, आणि होडीवाल्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.